फाइल-सर्व्हर आणि स्मृतीची उसनवारी

कोणत्याही मोठ्या कचेरीत आज एक संगणक असा असतो, की ज्याच्यासमोर बसून कोणीही काम करीत नाही. बहुधा तो जिन्याखालच्या किंवा कोपऱ्यातील एखाद्या लहानशा खोलीत ठेवलेला असतो. त्याला पडदा जोडलेला नसतो आणि असला तरी त्याच्याकडे पाहण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही. परंतु चाळीस-पन्नास माणसे आपापल्या मेजापाशी बसून दिवसभर जी पत्रे लिहितात, जे हिशेब मांडतात, जे नकाशे आणि जी छायाचित्रे उघडून पाहतात, ती सारी ह्या एका संगणकाच्या तबकड्यांवर साठविलेली असतात. ह्यालाच फाइल-सर्व्हर म्हणतात. त्याचे काम जुन्या दप्तरदारासारखे आहे. मागेल त्याला मागेल तो रुमाल काढून द्यावयाचा आणि परत आलेला नीट जागेवर ठेवावयाचा, एवढेच. ह्या कामाला आकडेमोडीचे सामर्थ्य बेताचे असले तरी चालते. स्मृती मात्र पुष्कळ लागते. ही स्मृती, म्हणजे बाजारात जिला रॅम म्हणतात ती, त्या संगणकात कोणत्या कामाला किती द्यावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘फाइल जतन झाली’ ही अक्षरे पडद्यावर वाचून माणूस निश्चिंतपणे घरी जातो आणि पाठोपाठ वीज जाते, तेव्हा ते काम खरोखरच जतन झाले होते की नाही, हे ह्याच वाटपावर अवलंबून असते. सहा महिन्यांचा हिशेब ज्याने एकदा असा गमावला, त्याला हा विषय रूक्ष वाटत नाही.

प्रथम वेगाचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण सारे त्यावर उभे आहे. रॅममधील एखादी नोंद वाचण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. उलट, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून तीच नोंद वाचावयाची तर आधी वाचणारा हात योग्य त्या वर्तुळावर न्यावा लागतो. त्याला ८ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. नंतर तबकडी फिरून ती नोंद हाताखाली येण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सरासरीने निम्म्या फेऱ्याचे आणखी ४ मिलिसेकंद. एकूण १२ मिलिसेकंद झाले. हे आकडे इतके लहान आहेत, की त्यांतील अंतर डोळ्यांत भरत नाही. म्हणून समजा, रॅममधील नोंद काढण्यास १ सेकंद लागला. तर त्याच प्रमाणात तबकडीवरील नोंद काढण्यास १ लाख २० हजार सेकंद, म्हणजे ३३ तासांहून अधिक काळ लागेल. हाताशी असलेला कागद उचलून देणे आणि तोच कागद परगावाहून माणूस पाठवून आणविणे, ह्यांत जे अंतर तेच हे अंतर होय. अलीकडच्या एसएसडी साठवणीत फिरणारे असे काहीच नसते, त्यामुळे हे अंतर पुष्कळ घटले आहे. तथापि तिथेही ते सुमारे हजारपटीचे राहतेच.

आता ज्या दप्तरदाराला प्रत्येक रुमालासाठी इतकी पायपीट करावी लागते, तो शहाणा असेल तर काय करील? एकदा काढलेला रुमाल लगेच कोठीत परत न नेता तो आपल्या बैठकीजवळच ठेवून घेईल. कारण आज ज्याने तो मागितला तो उद्याही मागण्याचा संभव असतो. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नेमके हेच करते. तबकडीवरून वाचलेल्या प्रत्येक पानाची प्रत ती रॅममध्ये राखून ठेवते. ह्या हाताशी ठेवलेल्या साठ्याला कॅशे असे नाव आहे. दूरच्या व मंद साठवणीपुढे जवळची व जलद साठवण उभी करण्याची ही युक्ती जुनीच आहे. मँचेस्टर येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस नावाच्या संगणकात लहान जलद स्मृती आणि मोठे मंद फिरते पिंप ही दोन्ही मिळून एकच स्मृती असल्याचा भास कार्यक्रम लिहिणाऱ्याला होत असे. आणि कोणते पान पिंपावर परत पाठवावयाचे हे तो संगणक स्वतः ठरवीत असे. पुढील सर्व वाद ह्या एका प्रश्नातून उत्पन्न झाले आहेत: बैठकीजवळची जागा थोडी, रुमाल अनेक, तेव्हा कोणाला ठेवावे आणि कोणाला उठवावे?

आरंभीच्या काळात हा प्रश्न सोपा होता, कारण जागाच नव्हती. १९७५ साली बाहेर पडलेल्या युनिक्स कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत फाइलींच्या पानांसाठी मोजून १५ कप्पे राखलेले होते, आणि प्रत्येक कप्पा ५१२ बाइटांचा. सर्व मिळून साडेसात किलोबाइट! आज एखाद्या निमंत्रणपत्रिकेचे चित्रही तेवढ्यात मावणार नाही. पुढे बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये एकूण स्मृतीचा दहावा हिस्सा ह्या कामासाठी बाजूला काढण्याची वहिवाट पडली. मशीन सुरू होताना ही कुंपणे घातली जात आणि मशीन बंद होईपर्यंत ती हलत नसत. कुंपणाच्या एका बाजूला कार्यक्रम जागेअभावी गुदमरत असले आणि दुसऱ्या बाजूला फाइलींचे कप्पे रिकामे पडलेले असले, तरी कोणी कोणाच्या हद्दीत जात नसे. सन कंपनीने १९८८ मध्ये आपल्या सनओएस ४.० ह्या आवृत्तीत हे कुंपण मोडून टाकले. सारी रॅम एक सामाईक माळरान झाली. कार्यक्रमांना जी लागेल ती त्यांनी घ्यावी, उरलेल्या सर्व जागेवर फाइलींच्या प्रतींनी पसरावे, आणि कार्यक्रमाने मागणी करताच फाइलींनी उठावे, अशी व्यवस्था झाली. आज वापरात असलेल्या बहुतेक सर्व कार्यप्रणाली, थोड्याफार फरकाने, हीच व्यवस्था चालवितात. ही व्यवस्था वाटणीची नसून उसनवारीची आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे समजण्यास अडचण पडत नाही.

ह्या उसनवारीविषयी एक गैरसमज इतका दृढ झालेला आहे, की त्याचा समाचार येथेच घेतलेला बरा. लिनक्स ह्या कार्यप्रणालीवर ‘फ्री’ नावाची एक आज्ञा आहे. तिने किती स्मृती रिकामी आहे ते कळते. नवा व्यवस्थापक कामावर रुजू होतो, ही आज्ञा देतो, आणि ६४ गिगाबाइटांपैकी एखादेच गिगाबाइट रिकामे आहे असे पाहून हादरतो. मग कोणी तरी त्याला एक तोडगा सांगतो: कॅशेतील सर्व प्रती एका फटक्यात टाकून देणारी आज्ञा दर तासाला आपोआप चालेल असे करून ठेवावे. तो तसे करतो, रिकाम्या स्मृतीचा आकडा फुगतो, व्यवस्थापकाला समाधान वाटते, आणि कचेरीतील पन्नास माणसांना दर तासाला फाइली उघडण्यास वेळ का लागतो ह्याचा उलगडा मात्र कोणालाच होत नाही. दप्तरदाराची बैठक स्वच्छ दिसावी म्हणून तासातासाला सर्व रुमाल कोठीत नेऊन टाकावेत, तशातला हा प्रकार आहे. वस्तुतः फाइल-सर्व्हरमध्ये रिकामी पडलेली रॅम म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली आणि न वापरलेली रॅम होय. लिनक्सच्या कर्त्यांनाही हा घोटाळा जाणवला असावा. कारण २०१४ मध्ये त्यांनी रिकाम्या स्मृतीच्या जोडीला ‘उपलब्ध’ स्मृतीचा एक स्वतंत्र आकडा दाखविण्यास सुरुवात केली. हाक मारताच जी सोडविता येईल तीही ह्या आकड्यात धरलेली असते. पाहावयाचा तो हा आकडा.

येथवर उसनवारीचे गुणगान झाले. परंतु उसने घेणारा शिरजोर झाला म्हणजे काय होते, हेही सांगितले पाहिजे. आणि ह्या बाबतीत सर्वांत बोधप्रद इतिहास मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांचा आहे. १९९६ च्या विंडोज एनटी सर्व्हर ४.० मध्ये व्यवस्थापकापुढे चार पर्याय ठेवलेले असत. पहिला, किमान स्मृती वापरावी. हा दहापर्यंत माणसे जोडली जाणार असतील तर. दुसरा, समतोल राखावा. हा चौसष्टपर्यंत माणसांसाठी. तिसरा, फाइल-वाटपाला जास्तीत जास्त वेग मिळावा. आणि चौथा, नेटवर्कवरील कार्यक्रमांना जास्तीत जास्त वेग मिळावा. सर्व्हर नवा बसविला की तिसरा पर्याय आपोआप निवडलेला असे. तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायांत फरक एवढाच, की स्मृतीची ओढाताण सुरू झाल्यावर आधी कोणाला उठवावयाचे: चालू कार्यक्रमांच्या पानांना की फाइलींच्या प्रतींना. तिसऱ्यात कार्यक्रमांनी उठावयाचे, चौथ्यात फाइलींनी. निव्वळ फाइली वाटणाऱ्या मशीनला तिसरा पर्याय अगदी योग्य होता. घोटाळा होई तो काटकसरीमुळे. त्याच मशीनवर डेटाबेस किंवा टपालाचा कार्यक्रमही बसविला जाई आणि तो पर्याय बदलण्याचे कोणाला सुचत नसे. मग कोणी तरी मोठमोठ्या फाइली नकलून घेऊ लागला, की डेटाबेसची पाने रॅममधून उठवून तबकडीवर नेऊन टाकली जात आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती पुन्हा आणावी लागत. सारा वेळ ह्या ने-आणीतच जाऊ लागला म्हणजे संगणक दिसतो व्यग्र, पण काम मात्र होत नाही. १९६८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डेनिंग ह्यांनी ह्या अवस्थेचे विवेचन केले आणि प्रत्येक कार्यक्रमाला कोणत्याही क्षणी काही ठराविक पाने हाताशी लागतातच, ती मिळणार नसतील तर त्याला सुरूच करू नये, असे दाखवून दिले.

सनच्या व्यवस्थेलाही ह्या दुखण्याने गाठले होते. सामाईक माळरानावर फाइलींची पाने आणि कार्यक्रमांची पाने सारख्याच हक्काने वावरू लागल्यामुळे एखाद्या अजस्र फाइलीच्या वाचनाने चालू कार्यक्रम बाहेर ढकलले जात. कंपनीने १९९८ च्या सोलारिस ७ मध्ये कार्यक्रमांच्या पानांना अग्रक्रम दिला, आणि २००० च्या सोलारिस ८ मध्ये फाइलींच्या पानांनी आपापसांतच जागा फिरवावी अशी रचना केली. विंडोजची गोष्ट मात्र अधिक विलक्षण आहे. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये फाइलींच्या कॅशेला फार तर ९६० मेगाबाइटांइतकाच पत्ता-प्रदेश मिळत असे. ही मर्यादा कोणी शहाणपणाने घातलेली नव्हती. पत्त्यांची एकूण संख्याच अपुरी असल्यामुळे ती पडली होती. परंतु तिने नकळत राखणदारी केली. पुढे ६४ बिटांची मशीने आली, ती मर्यादा १ टेराबाइटावर गेली, म्हणजे व्यवहारतः नाहीशीच झाली, आणि सर्व्हर २००३ व २००८ च्या काळात एक नवीच तक्रार उद्भवली: फाइल-सर्व्हरवर वाचनाचा जोर वाढला की कॅशे पसरत पसरत सारी रॅम व्यापून टाकी आणि सर्व्हरची स्वतःची आवश्यक कामेही तबकडीवर हद्दपार होत. कॅशेला वरची मर्यादा घालणारे एक छोटे उपकरण मायक्रोसॉफ्टला स्वतंत्रपणे पुरवावे लागले. २००९ च्या सर्व्हर २००८ आर२ मध्ये स्मृतीच्या व्यवस्थापनाची रीतच बदलल्यावर त्याची गरज सरली. गरिबीने घातलेले कुंपण श्रीमंती येताच पडले आणि त्याची किंमत नंतर कळली, असे ह्या प्रकरणाविषयी म्हणता येईल.

किती जागा द्यावी ह्या प्रश्नाइतकाच, त्या जागेत कोणाला ठेवावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. साधा नियम असा: जो रुमाल सर्वांत अधिक काळ कोणी मागितलेला नाही, तो परत पाठवावा. नियम समंजस आहे. पण रात्री त्याची फजिती होते. कचेरी सुटल्यावर रात्री सर्व्हरवरील सर्व फाइलींची राखीव प्रत काढण्याचे काम सुरू होते, आणि ते आवश्यकच असते. त्यासाठी प्रत्येक फाइल एकदा, आणि एकदाच, वाचली जाते. साध्या नियमाप्रमाणे ही प्रत्येक फाइल ‘नुकतीच मागितलेली’ ठरते आणि दिवसभर ज्या फाइलींना पन्नास हात लागले त्यांना ती बाहेर काढते. पहाटेपर्यंत बैठकीजवळ पाहावे तो दहा वर्षांपूर्वीचे रुमाल! सकाळी आलेल्या मंडळींना मग पहिला तासभर सारे मंद वाटते आणि दुपारपर्यंत आपोआप सुधारते. कित्येक कचेऱ्यांत ह्याचा दोष बिचाऱ्या नेटवर्कला दिला जातो.

ह्यावरचा एक फार सुंदर उपाय २००३ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील अल्माडेन प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते निम्रोद मेगिडो आणि धर्मेंद्र मोधा. ह्यांपैकी मोधा हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर होत. त्यांच्या रीतीस एआरसी असे संक्षिप्त नाव आहे. दप्तरदाराच्या भाषेत ती अशी सांगता येईल. त्याने बैठकीजवळ दोन ढीग करावेत: अलीकडे एकदाच मागितलेल्या रुमालांचा एक, आणि दोन किंवा अधिक वेळा मागितलेल्यांचा दुसरा. शिवाय दोन वह्या ठेवाव्यात आणि प्रत्येक ढिगातून नुकतेच परत पाठविलेल्या रुमालांची केवळ नावे त्यांत टिपावीत. आता एखाद्याने असा रुमाल मागितला, की जो बैठकीजवळ नाही पण पहिल्या वहीत त्याचे नाव आहे, तर दप्तरदाराने समजावे की पहिला ढीग आपण जरा लवकर कमी केला; त्याने तो थोडा वाढवावा आणि दुसरा थोडा घटवावा. नाव दुसऱ्या वहीत सापडले तर उलट करावे. कोणी बाहेरून आकडा सांगावयाचा नाही. चुकांच्या नोंदीवरूनच वाटणी आपोआप सरकत राहते. रात्रीच्या राखीव प्रतीचे रुमाल एकदाच मागितलेले असल्यामुळे ते पहिल्याच ढिगातून येतात आणि जातात. दुसऱ्या ढिगाला त्यांचा उपद्रव फारसा पोहोचत नाही. ह्या रीतीवर आयबीएमने पेटंट घेतल्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएल ह्या डेटाबेसच्या कर्त्यांनी ती स्वीकारून २००५ मध्ये पुन्हा सोडून दिली, ही गोष्ट वेगळी.

सनच्या झेडएफएस ह्या फाइल-व्यवस्थेने मात्र हीच रीत थोड्या फेरफाराने उचलली आणि आज पुष्कळशा फाइल-सर्व्हरांत ती राबत आहे. लिनक्सवर ती वापरताना एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. झेडएफएसचा साठा लिनक्सच्या नेहमीच्या कॅशेत मोडत नाही. तो आपले घर वेगळे थाटतो. त्यामुळे ‘फ्री’ आज्ञा त्याला ‘वापरलेली’ स्मृती म्हणून दाखविते आणि वर सांगितलेला हादरा व्यवस्थापकाला पुन्हा एकदा बसतो. ह्या साठ्याने एकूण रॅमच्या निम्म्याहून अधिक घेऊ नये, अशी मूळ मर्यादा लिनक्सवर अनेक वर्षे होती. निव्वळ फाइली वाटणाऱ्या मशीनला ही मर्यादा कमी पडते आणि ती वाढविण्यात धोका थोडा असतो. त्याच मशीनवर आभासी संगणक चालवावयाचे असतील तर ती उलट घटवावी लागते. कारण दोन्हीकडून एकदम मागणी आली, की हा साठा जागा सोडतो खरा, पण ती कधी कधी हवी तितक्या तत्परतेने सोडत नाही. आणि मग स्मृती संपली असे समजून कार्यप्रणाली एखादा चालता कार्यक्रमच ठार करते.

लहान लहान लाखो फाइली असलेल्या सर्व्हराचे दुखणे आणखी निराळे असते. एखाद्या शाळेचे किंवा वृत्तपत्राचे जुने संग्रह असे असतात. तेथे फाइलींतील मजकुरापेक्षा त्यांची नावे आणि ठिकाणे शोधण्यातच वेळ अधिक जातो. कारण फाइलीचा पत्ता म्हणजे एकात एक अशी अनेक दालने, आणि प्रत्येक दालनाची यादी वाचल्यावाचून पुढच्याचा दरवाजा सापडत नाही. लिनक्स ह्या याद्या आणि नोंदीही रॅममध्ये राखते, आणि मजकुराच्या मानाने त्या किती सहज टाकून द्याव्यात ह्याचे प्रमाण ठरविण्यास एक आकडा ठेवलेला आहे. तो मुळात १०० असतो. ५० केला म्हणजे याद्यांना अधिक काळ अभय मिळते. शून्य मात्र करू नये. मग याद्या कधीच सोडल्या जात नाहीत आणि स्मृती संपण्याचा प्रसंग येतो. ह्याखेरीज, नेटवर्ककडून येणाऱ्या मजकुरासाठी थोडी रॅम सदैव मोकळी राखणारा एक आकडा असतो. दारात आलेल्या टपालाला ‘थोडे थांबा, जागा करतो’ असे सांगण्याची सोय तेथे नसते. म्हणून जलद नेटवर्क जोडल्यावर तो थोडा वाढविणे हिताचे ठरते.

आतापर्यंतचा सारा विचार वाचनाचा झाला. वाचनात चूक झाली तर वेळ जातो. लेखनात चूक झाली तर मजकूर जातो, आणि म्हणूनच लेखनासाठी किती स्मृती द्यावी हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. माणूस ‘जतन करा’ असे सांगतो तेव्हा त्याचा मजकूर सामान्यतः लगेच तबकडीवर जात नाही. तो आधी रॅममध्ये उतरतो आणि पुढे सवडीने तबकडीवर लिहिला जातो. जुन्या युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी हे साचलेले लेखन तबकडीकडे हाकलून लावणारा एक कार्यक्रम असे. आजच्या लिनक्समध्येही साचलेले पान ३० सेकंदांचे झाले की ते शिळे समजले जाते. सर्व्हरचा वेग पुष्कळ अंशी ह्या दिरंगाईवर चालतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या अवधीत वीज गेली तर रॅममधील मजकूर पाटीवरच्या अक्षरांसारखा पुसला जातो.

असे साचलेले लेखन किती होऊ द्यावयाचे ह्याला लिनक्समध्ये दोन मर्यादा आहेत. उपलब्ध स्मृतीच्या १० टक्के लेखन साचले की तबकडीवर लिहिण्यास मागल्या बाजूने सुरुवात होते. २० टक्के झाले की लिहिणाऱ्या कार्यक्रमांनाच रोखून धरले जाते. रॅम १ गिगाबाइट होती तेव्हा हे टक्के निरुपद्रवी होते. पण ६४ गिगाबाइटांच्या मशीनवर, समजा, ६० गिगाबाइट उपलब्ध आहेत. तर त्यांचे २० टक्के म्हणजे १२ गिगाबाइट झाले. तबकडी सेकंदाला १५० मेगाबाइट सलग लिहीत असेल तर ते उतरविण्यास ८० सेकंद लागतील. पण लेखन सलग नसून विखुरलेले असले, आणि ४ किलोबाइटांच्या प्रत्येक पानासाठी वर काढलेले १२ मिलिसेकंद मोजावे लागले, तर तेच लेखन उतरण्यास पावणेदहा तास लागतील. हा हिशेब अर्थात कागदावरचा आहे. कार्यप्रणाली पानांचा क्रम लावून घेते आणि प्रत्यक्षात वेळ पुष्कळ कमी लागतो. तथापि एका माणसाने मोठा चित्रपट नकलून टाकला, आणि शेजारच्या टेबलावरील माणसाला दोन ओळींचे पत्र जतन करण्यासाठी मिनिटभर खोळंबून राहावे लागले, असे घडते ते ह्याच कारणाने.

म्हणून २००९ पासून ह्या दोन्ही मर्यादा टक्क्यांऐवजी सरळ बाइटांतही सांगता येतात. एक प्रकार लावला की दुसरा आपोआप रद्द होतो. तबकड्या पाच-सात सेकंदांत जेवढे लिहू शकतील तेवढीच वरची मर्यादा ठेवणे, हा येथे चांगला व्यवहारी दंडक आहे. उपरोक्त तबकडीच्या बाबतीत ती पाऊण ते एक गिगाबाइट होईल आणि खालची मर्यादा तिच्या चतुर्थांशाइतकी पुरे. रॅम कितीही वाढविली तरी हा आकडा वाढवू नये. तबकडी वाढविली तर वाढवावा. इतके साधे असूनही कित्येक सर्व्हरांत हा बदल कधीच केला जात नाही, आणि रॅम दुप्पट केल्यावर खोळंबा वाढला म्हणून दुकानदाराशी भांडण होते.

राहिला तो ‘जतन झाले’ ह्या शब्दांच्या खरेपणाचा प्रश्न. सनच्या एनएफएस ह्या फाइल-वाटपाच्या दुसऱ्या आवृत्तीत नियम कडक होता: मजकूर कायम साठवणीत उतरल्याशिवाय सर्व्हरने होकार द्यावयाचा नाही. नियम प्रामाणिक, पण चाल गोगलगायीची. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने त्यातून जी वाट काढली, ती कोणत्याही सावकारी पेढीला शोभेल अशी आहे. सर्व्हर म्हणतो, ‘मजकूर मिळाला आहे, पण अद्याप तो केवळ रॅममध्ये आहे,’ आणि सोबत एक खूण देतो. मजकूर पाठविणारा संगणक आपली प्रत टाकून देत नाही. काही वेळाने तो ‘आता पक्के करा’ असा निरोप धाडतो. मजकूर तबकडीवर उतरला की सर्व्हर पुन्हा तीच खूण दाखवून होकार देतो. मध्यंतरी सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर त्याची खूण बदललेली असते. ती जुळत नाही असे दिसताच पाठविणारा आपल्या प्रतीवरून सारा मजकूर पुन्हा पाठवितो. दिरंगाईचा लाभही मिळतो आणि मजकूरही राहतो. कारण दोन्ही टोकांच्या रॅमने जबाबदारी वाटून घेतलेली असते.

ही सारी रचना एका शब्दाने निकामी करता येते. लिनक्सवरील एनएफएसच्या मांडणीत प्रत्येक वाटलेल्या दालनापुढे ‘सिंक’ किंवा ‘असिंक’ असे लिहिता येते. ‘असिंक’ लिहिले म्हणजे पक्के करण्याच्या निरोपालाही सर्व्हर तबकडीची वाट न पाहता होकार देतो. मग पाठविणारा संगणक निर्धास्तपणे आपली प्रत टाकतो, आणि मजकुराची एकमेव प्रत सर्व्हरच्या रॅममध्ये उरते. एनएफएसच्या साधनांच्या १.० आवृत्तीपर्यंत काही लिहिले नाही तर ‘असिंक’ धरले जात असे. त्यानंतर ‘सिंक’ धरले जाऊ लागले. तरीही सर्व्हर मंद आहे अशी ओरड झाली की कोणी तरी हा शब्द घालून जातो, वेग तत्काळ वाढतो, त्याची वाहवा होते, आणि वीज नीट चालू आहे तोवर त्या वाहवेला धक्का बसत नाही. विजेचा भरवसा नसलेल्या गावी ज्यांची हिशेबाची दालने अशा सर्व्हरवर आहेत, त्यांनी आपल्या व्यवस्थापकाला ह्या एका ओळीत काय लिहिले आहे ते विचारावे. त्याचबरोबर, बॅटरीवर चालणारा यूपीएस वीज गेल्याची सूचना सर्व्हरला तारेवाटे देतो की नुसताच शेजारी ठेवलेला आहे, हेही विचारावे. कारण ती सूचना मिळाली तरच सर्व्हर उरल्या मिनिटांत साचलेले सर्व लेखन तबकडीवर उतरवून स्वतःहून बंद होतो.